कुजायला वेळ लागतो

"आक्का वाडीत पडलीय, तू आधी नीघ," शेजारच्या मालूवहिनींचा भर दुपारी फोन आला. रत्नागिरीहून आरे-वारेचा रस्ता मी कसा पार केला, आठवत नाही. पोचलो तेव्हा वाडीतच तिला सावलीत निजवलं होतं. माझी थोरली बहीण गेली होती... त्याला आता सात आठवडे झाले.

आक्का सावर्ड्याला शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्तीनंतर एकटीच गावच्या घरी परतली आणि वाडीतल्या माडांच्या मागे लागली. गळलेल्या झावळ्या, नारळाची सोडणं, सुपारीच्या पानांच्या विऱ्या, सगळं दोन माडांमधल्या चरात पुरायची. जाळीच्या पिशव्यांत झावळीचे तुकडे भरून गाडायची आणि दर दोन महिन्यांनी उकरून बघायची, किती उरलंय ते. "पालाश पावसाबरोबर लगेच सुटतो, नत्राला घाई नसते," असं कौतुकानं सांगायची, जणू वर्गातल्या दोन पोरांबद्दल बोलतेय.

मोठं वादळ झालं त्या वर्षी वाडी झावळ्यांनी भरून गेली. मी मदतीला गेलो होतो. आक्का कामासाठी बाहेर गेलेली. दोन दिवस ओढून ओढून माझे हात सोलले होते, साप निघायची भीती होती... मी ढीग पेटवला. ती परतली ती कळशी घेऊन धावलीच. आग विझली तेव्हा तिच्या मनगटावर फोड आले होते.

"अरे, तीन वर्षांचं जेवण होतं रे माडांचं," एवढंच म्हणाली.

"राख पण खतच ना?" मी म्हटलं.

त्या रात्री पाऊस लागला आणि सकाळी सगळी राख वाडीकडेच्या पऱ्ह्याच्या पाण्यात वाहून गेली होती. पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यातले माड पिवळे पडले. आगीमुळेच का, कोण जाणे. तिनं तो विषय कधी काढला नाही, मी माफी मागितली नाही. मनगटावरचा डाग मात्र ती चहाचा कप पुढे करायची तेव्हा दिसायचा.

तेराव्यानंतर वाडीत गेलो. शेवटच्या चरात एक झावळी अर्धीच तोडलेली होती. तिच्यावर माती लोटायला हात होईना. मी तशीच ठेवलीय. आता पावसानं पाती काळी, मऊ पडलीत. देठ टणक आहे, त्यावर तिच्या कोयत्याचे चार घाव स्पष्ट दिसतात. देठाला दोन पावसाळे तरी लागतात, असं तीच सांगायची.

मी दर रविवारी जाऊन बघून येतो.