ती भाकरी करायला आली होती

आमच्या कर्जतकडं ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल नवऱ्यानं घ्यायची, अंगठा नवऱ्यानं द्यायचा आणि राबायचं मात्र दोघांनी. माझे आईवडील असाच एक कोयता होते. दिवाळी उरकली की बिऱ्हाड उचलून आम्ही कोल्हारच्या बाजूला यायचो. तिथंच आई भरल्या ट्रॉलीवरून पडली आणि जागच्या जागी गेली.

भरपाईचा दावा लागला. विमा कंपनीच्या वकिलानं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, साधा प्रश्न विचारला, "बायको ऊस तोडायची का?" मागच्या बाकावर आईचे भाऊ बसलेले. आबांनी मान ताठ केली. "न्हाई साहेब. ती भाकरी करायला आली हुती. ऊस मी तोडायचो."

झालं! जी कामगारच नाही, तिची भरपाई कसली? दावा फेटाळला. मी परकरातली पोर, मामाशेजारी बसून ऐकत होते. मला एवढंच कळलं, की काळ्या कोटातला माणूस एक प्रश्न विचारतो आणि सगळं संपतं. तो कोट मला हवा होता.

लोक टोमणे मारतात, "बाई, मजुराची लेक तुम्ही, आणि कंपनीच्या बाजूनं उभ्या राहता?" अहो, वकील होऊन नगरच्या कोर्टात आले तेव्हा एक मजूर माझ्याकडं फिरकला नाही. बाईमाणूस काय भांडणार म्हणे! काम दिलं ते विमा कंपन्यांनी. आणि खोटे दावे काय कमी येतात? धडधाकट गडी लंगडत कोर्टात शिरतात अन् बाहेर टपरीवर चहाला टणाटणा चालत जातात. असल्यांना उलटतपासणीत मी सोलून काढलंय. त्याची मला तसूभरही लाज नाही.

गेल्या हिवाळ्यात आबा दवाखान्यासाठी माझ्याकडं राहायला आले. "एकदा तुजं काम बघू दे," म्हणून हटूनच बसले. नेलं. नेमका त्या दिवशी राहात्याकडचा दावा निघाला. ऊसतोडणीची बाई, ट्रॉलीखाली सापडून गेलेली. साक्षीला तिचा नवरा उभा, मागच्या बाकावर तिचे भाऊ. मी ठरलेला प्रश्न विचारला, "बायको ऊस तोडायची का?"

त्यानं भावांकडं पाहिलं आणि मान ताठ केली.

"न्हाई मॅडम. ती सैपाकापुरती..."

"तोडायची म्हन की, येड्या!" मागून आवाज आला. आबा काठीच्या आधारानं उठून उभे राहिले होते. "तिचं भाऊ बघत्यात म्हनून खोटं बोलू नगं. जन्मभर जळशील!"

शिपायानं त्यांना धरून बाहेर नेलं. न्यायाधीशबाईंनी माझ्याकडं एकवार पाहिलं आणि तोच प्रश्न त्याला स्वतः विचारला. त्या माणसाला हुंदका फुटला. "तोडायची, साहेब. माझ्या बरोबरीनं तोडायची."

मला पुढं काही विचारायचं नव्हतं. मी खाली बसले.

बाहेर आले तेव्हा आबा बाकावर बसलेले. माझं डोकं तडकलं होतं. माझ्या कोर्टात, माझ्याच अशिलाविरुद्ध! पण त्यांचं तोंड बघितलं आणि मी त्यांच्याशेजारी टेकले.

"त्या साली माजी कंबर गेली हुती गं," ते म्हणाले. "वाकताच येत नव्हतं. ऊस सगळा तीच तोडायची. मी मागं बसून मोळ्या बांधायचो, बायामानसावानी. तिच्या भावांम्होरं कसं सांगू?"

इतकी वर्षं हा माणूस हे एकटाच गिळत बसला होता. मला रडू आवरेना.

"आता आत जाऊन सांगितलं तर लिवून घेत्याल का?"

"नाही, आबा," मी म्हटलं. "आता नाही घेत."

ते काठी टेकून उठले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि दारातल्या शिपायापुढं जाऊन हात जोडले. "साहेब," ते म्हणाले, "माजी बायकू ऊस तोडायची."