प्रगतीचं मीटर

माझी सून प्रगती इंजिन उघडून बसती म्हणून ज्यांच्या पोटात दुखतं, त्यांनी खुशाल ओवा खावा. ती कारेगावची. लग्नाआधी कंपनीत इंजिन जोडायच्या लाईनवर होती. आता आमच्या छपरात गावच्या मोटारी, फटफट्या दुरुस्त करती, आन् मी सोजरबाई दारात खाट टाकून बसते.

औंदा गावातल्या हौसराव आप्पांनी घोड नदीच्या धरणाच्या पाण्यावर दोन वॉटर स्कूटर आणल्या, जुन्याच. यात्रेच्या लोकांना मागं बसवून फेरी मारायची. चालवणार कोण, तर माझा पोरगा भैरू, प्रगतीचा नवरा. त्यातली लाल स्कूटर मधेच दम टाकायला लागली. आप्पांनी आपली नेहमीची रीत केली. प्लग काढला, भोकावर अंगठा दाबला, स्टार्टर मारला. अंगठा उडाला, म्हंजी इंजिन ठणठणीत. प्रगती म्हणाली, जरासा दाब असला तरी अंगठा उडतो, किती हाय ते कुठं कळतं? भर पाण्यात इंजिन जाम झालं तर? भैरूला पोहता येतं, पण घाबरून गळ्यात पडलेल्या माणसासकट कोण पोहणार? मला तर धडकीच भरली.

तिनं दाब मोजायचं मीटर मागवलं. पहिलं स्वस्तातलं निघालं. त्याचं रबर भोकावर हातानं दाबून धरायचं. हात हलला की काटा भलतंच सांगायचा. पारावर सगळे खो-खो हसले. हसा म्हणलं. तिनं ते परत धाडलं आन् त्या इंजिनाच्या प्लगच्या भोकातल्या आट्यांना बसणारं, पिळून घट्ट करायचं मीटर आणलं. काटा चढला की बटण दाबेपर्यंत तिथंच थांबायचा. तरी लगेच भरवसा न्हाई ठेवला. आधी चांगल्या स्कूटरला पुन्हा पुन्हा लावलं. काटा दर खेपेला एकाच जागी आला, तवा कुठं लाल स्कूटरला हात घातला. एका सिलिंडरला दाब बरोबर, दुसऱ्याला निम्मासुद्धा न्हाई.

यात्रेच्या दिवशी काठावर ही गर्दी. प्रगतीनं सगळ्यांदेखत आप्पांना काटा दाखवला. आप्पा म्हणाले, यात्रा होऊ दे, मग खोलू. भैरू मान खाली घालून त्या लाल स्कूटरवर बसला. आप्पांना न्हाई म्हणायची त्याची छाती नव्हती. मग आप्पा माझ्याकडं वळले.

"सोजरबाई, सुनेला आवरा."

"न्हाई आवरत," मी म्हणलं. "बोलू द्या तिला."

प्रगतीचा आवाज काही चढला न्हाई. "आप्पा, पहिली फेरी तुमच्या स्वराजची होऊ द्या. मालकाचं पोरगं बसलं की लोकबी बिनघोर बसतील."

स्वराजला तेच हवं होतं. जाकीट चढवून तो भैरूच्या मागं बसलासुद्धा. आप्पांनी एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा पोराकडं.

"उतर खाली," आप्पा म्हणाले.

सकाळपासून माझ्या पोराला बस म्हणणारे आप्पा, आपल्या पोराला उतर म्हणाले. स्वराज उतरला. त्याच्या मागोमाग भैरूबी उतरला, कुणाला न विचारता.