अंगठा वर केला तेव्हा
परवा आमच्या फ्रीगंज बाजारात पंक्चरवाल्याच्या दुकानात रबराचा वास आला आणि बुडीचे रबरी सूट आठवून मी थेट अंदमानच्या बोटीवर जाऊन पोहोचलो. स्कूबाचं सर्टिफिकेट आम्हा नवरा-बायको दोघांकडे होतं. मी तर आमच्या क्षिप्रा नदीत जन्मतःच पास झालेला. सुट्टीतली ती शेवटची बुडी होती आणि बायकोला मँटा, म्हणजे तो पंख हलवत पोहणारा अवाढव्य मासा, बघायचाच होता. बोटीवर गाइडने बजावलं, "सर, अंगठा वर म्हणजे 'वर चला'. 'मस्त' म्हणायला नाही." मी म्हटलं, "भैया, हमको मत सिखाओ." खाली इतकी शांतता की माझंसुद्धा तोंड बंद. तेवढ्यात निळ्या धूसरातून तो आला, क्षिप्रेवरच्या अख्ख्या राम घाटाएवढा रुंद, आणि मी हरखून अंगठा वर केला. गाइड लगेच आम्हाला वर न्यायला लागला. बायकोने त्याला हात जोडले, मग माझा अंगठा मुठीत धरून खाली दाबला. गाइड समजला, थांबला. मासा आमच्या डोक्यावरून आभाळ झाकत सावकाश गेला आणि आम्ही तिघं बुडबुडे सोडत नुसते बघत राहिलो. हल्ली सांगताना मी त्याला दरवेळी हातभर वाढवतो. एरवी माझी प्रत्येक गोष्ट छाटणारी बायको तेव्हा हळूच म्हणते, "नाही हो, याहून मोठा होता."