रिमोटवाली आत्या आणि आगाऊ घेतलेला खेळ

रिमोटवाली आत्या रागावली की चार घरं पलीकडे कळायचं, आणि ती रागावायची बहुतेक अस्वलांवर. "मागून येतं का रे मुडद्या? हिंमत असंल तं समोर ये!" भर दुपारी बालाघाटच्या आमच्या मोहल्ल्यात हा आवाज उठला की नवा भाडेकरू दचकायचा. जुन्यांना माहीत होतं, आत्या टीव्हीसमोर खेळायला बसलीय. हातातल्या त्या बटणांच्या यंत्राला सगळे रिमोटच म्हणायचे, म्हणून ती रिमोटवाली.

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. जन्मभर बैहरला सरकारी कचेरीत नोकरी केली, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आली. बरोबरीच्या बायका रामपायलीला रामाच्या दर्शनाला जायच्या. तीही जायची, पण परतताना जीपवाल्याच्या मागे घाई लावायची. तिला एकाच खेळाचं वेड होतं. त्यात जंगलात पहारा करणारी एक मुलगी हरवलेल्या धाकट्या बहिणीला शोधत फिरते. दोन भाग खेळून झाले तरी बहीण सापडली नव्हती. जेवायला हाक मारली की आत्या खेकसायची, "लेकराची बहीन हरवली अन् तुमाले जेवाचं सुचून राह्यलं?"

वस्तू पाहिल्याशिवाय पैसा द्यायचा नाही, हा तिचा बाणा. चिन्नोर तांदूळ घ्यायचा तर आधी मूठभर घरी आणायची, शिजवायची, खाऊन पाहायची आणि मगच पोतं उचलायची. दुकानदार नुसता वास घेऊन पाहा म्हणाला तर म्हणायची, "वास तं पोत्यालेबी येते. मले भात खाचा आहे, पोतं नाही."

खेळांचंही तसंच. माझा धाकटा भाऊ नवा खेळ निघायच्या दोन-दोन महिने आधी पैसे भरून मोकळा व्हायचा. एकदा तो फुशारकीनं म्हणाला, "आत्या, पहले से लिया तो घोडे का सोनेवाला खोगीर फ्री!" आत्यानं कपाळावर हात मारला. "घोडा पाह्यला नाही अन् खोगीराले भुलला! अरे, हा माल तं तारेतून घरी येते. तो संपते का कधी? हे का किरनापूरची बस आहे, खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायले?" तो घोडा पुढे भिंतीतून आरपार जायला लागला, तेव्हा ती आठवडाभर पदराआड हसत होती.

मग तिचं दुखणं निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि आत्यानं गाडीत बसल्याबसल्या माझ्या तोंडाकडे पाहून ते ओळखलं. घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "पोट्टे, त्या तिसऱ्या भागाचं बुकिंग करून टाक."

"तू? आगाऊ पैसे भरशील?"

"हौ. आधी घेतलं की तीन दिवस आधी उघडते म्हनतात. मले तीन दिवस लय होतात."

मी तिथंच उभ्याउभ्या बुकिंग केलं.

खेळ आला. पहिले दोन दिवस घरात सण असल्यासारखं होतं. उशीला टेकून ती खेळायची, औषधाची वेळ चुकवायची, अस्वलांचा उद्धार करायची. तिसऱ्या दिवशी ती नदीवरच्या झुलत्या पुलाशी पोचली. पलीकडे बहिणीची ओढणी फडकताना दिसत होती. पोरीनं पुलावर पाय ठेवला आणि टीव्ही काळा. पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळा. दिवसभर तेच. शेवटी आत्या ओरडली, "पूल बांधाच्या आधीच टोल घेतला मेल्यांनी!"

मी कंपनीला लिहिलं. एकदा नाही, रोज लिहिलं. आजारी माणूस आहे, तेवढा पूल तिला ओलांडू द्या, म्हणून गयावया केली. उत्तर यायचं ते एकच: दुरुस्ती येत्या काही महिन्यांत होईल, तुमच्या संयमाबद्दल आभार. संयम! तळपायाची आग मस्तकाला गेली माझी. पैसे गेले खड्ड्यात, त्याचं कोणाला पडलंय? अर्धवट खेळ विकायला यांना लाज नाही, आणि वर आभार मानतात माझे. त्यांच्या नेटवरच्या पानावर कोणी शहाण्यानं लिहिलं होतं की आगाऊ घेणारे मूर्खच असतात. त्या मेल्यालाही मी सोडलं नाही. माझी आत्या मूर्ख नव्हती. थांबायला वेळ असलेल्यांनी थांबावं, तिच्याजवळ तो नव्हता.

कुणाकुणाच्या यंत्रावर तो पूल चालत होता, त्यांनी शेवटाचा व्हिडिओ नेटवर टाकलाही होता. मी फोनवर दाखवायला गेले तर आत्या कडाडली, "उष्टं नोको दाखवू मले! एवढं जंगल मी पालथं घातलं, अन् बहीन दुसऱ्यानं शोधाची?" फोन उलटा करून ठेवला मी. त्यानंतर ती रोज सकाळी एकदा पुलावर पाय ठेवून पाहायची. काळं झालं की रिमोट बाजूला ठेवून भिंतीकडे तोंड करायची. शिव्यासुद्धा देईना. तिचं ते गप्प बसणं मला सोसायचं नाही, मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

आत्या गेली. दुरुस्ती त्यानंतर आली. आता त्या खेळाचं जिथंतिथं कौतुक चाललंय, आणि जे थांबले त्यांना तो अर्ध्या किमतीत आणि अख्खा मिळतो. भाऊ मला विचारतो, "दीदी, अगला पार्ट बुक करूँ क्या?" मी त्याला असं काही बोलले की तो दोन दिवस माझ्यासमोर आला नाही. बिचाऱ्याचा काय दोष! पण राग कोणावर काढायचा? कंपनीला तोंड नाही, दार नाही, जाऊन भांडावं असा एक माणूस नाही.

एका रविवारी मी आत्याच्याच जागी बसले, रिमोट घेतला आणि पुलावर पाय ठेवला. पूल हलला, तुटला नाही. मी पलीकडे गेले. बहीण सापडते. जिवंत सापडते, रागावलेली, इतका उशीर का केलास म्हणून भांडते. "आत्या, सापडली वं!" मी ओरडले, आणि घरात कोणी हललं नाही.

पुलापासून शेवटापर्यंत एका संध्याकाळचा खेळ होता. तेवढी एक संध्याकाळ तिच्याजवळ होती.