बारा इंचांवर झेंडी नाही

मालगाडीचा गार्ड होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. साल त्रेसष्ट-चौसष्ट असेल. सांगलीचा गूळ नि हळद भरलेली गाडी घेऊन आम्ही पुण्याकडं निघालो होतो. सातारा मागं पडलं आणि भर दुपारी घाटमाथ्यावरच्या स्टेशनात थांबलो. पुढं सगळा उतार.

तेव्हाच्या गाड्यांत इंजिन सबंध गाडीच्या नळीतली हवा ओढून घ्यायचं; नळीत हवा परत शिरू दिली की ब्रेक लागायचे. हवा किती ओढली गेलीय ते गार्डाच्या डब्यातलं घड्याळ इंचांत दाखवायचं. शेवटच्या डब्यात निदान पंधरा इंच लागतात, नाहीतर उतारावर ब्रेक धड धरत नाहीत. माझा काटा बारावर होता. काचेवर टिचकी मारली, तरी बारावरच.

ड्रायव्हर म्हणाला, इंजिनात अठरा दिसतायत, मागचं घड्याळ बिघडलं असेल. समोरून येणारी पॅसेंजर आमच्यापायी घाटाखाली खोळंबली होती, म्हणून स्टेशन मास्तर स्वतः चालत आले आणि झेंडी दाखवा म्हणाले. मी म्हटलं, तसं लिहून द्या. लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. मग हमालांच्या देखत ते म्हणाले, "सवलतीवर आलेल्यांना घड्याळ वाचायला कुणी शिकवलंय?"

आमचं घर म्हसवडकडचं, छप्पन साली बौद्ध झालेलं. असलं बोलणं मला नवं नव्हतं. झेंडी गुंडाळून काखेत मारली आणि म्हणालो, "साहेब, वाचता येतंय म्हणूनच थांबलोय."

मग एकेका डब्याच्या जोडाला कान लावत निघालो. तेराव्या डब्यापाशी फुसफुस ऐकू आली. नळीच्या जोडातलं रबर चिरलं होतं. फायरमननं इंजिनातून नवं आणून दिलं, ते बसवलं, काटा सोळावर गेला. तेव्हा झेंडी दाखवली. गाडीला दीड तास उशीर झाला होता.

पंधरवड्यानं चार्जशीट आली: हुज्जत घालून गाडी अडवली. मी उत्तर लिहिलं, 'काटा बारावर होता म्हणून झेंडी दाखवली नाही. पुन्हा बारावर दिसला तर पुन्हा दाखवणार नाही.' चार्जशीट काढणाऱ्या वरच्या साहेबांनी बोलावून घेतलं. दोन ओळी माफीच्या लिहा, ही चार्जशीट इथंच फाडतो, म्हणाले. मी विचार करतो म्हणून घरी आलो.

आईला अक्षर येत नव्हतं. तिनं उत्तराची नक्कल माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"ह्यात खोटं काय हाय का?"

"न्हाई."

"मग खोडू नगंस."

खोडलं नाही. बढती दोन वर्षं लांबली. अपील केलं, ते फेटाळलं. दुसरं केलं, त्याला उत्तरच आलं नाही. पुढच्या नोकरीत आणखी तीन वेळा काटा खाली दिसला आणि तिन्ही वेळा मी गाडी थांबवली. कुणी विचारायला आलं तर त्याला डब्यात चढवून घड्याळ दाखवायचो.