दोन खिळ्यांमधलं अंतर

डोंगराला कुणी घाबरत नव्हतं, हीच खरी रड होती. खालच्या आळीत कुणालाही विचारा, तो छाती फुगवून तीच गोष्ट सांगायचा: आजोबांच्या वेळी लाव्हा आला तेव्हा आजोबांनी आधी खाट काढली, मग भांडी काढली, मग दरवाजा बिजागऱ्यांसकट उचकटून पाठीवर घेतला, वाटेत दोनदा बसून दम खाल्ला, तरी लाव्हा आपला मागेच. डोंगर माणसापेक्षा हळू चालतो, असं त्या आळीचं ठाम मत होतं. टेपमावशीला हे ऐकलं की संताप यायचा.

टेपमावशी वेधशाळेत कामाला. सव्वीस वर्षांपूर्वी लागली ती झाडलोटीला. डोंगराच्या खांद्यावर दोन खोल्या, वर गच्ची, आणि आत जमिनीचे धक्के टिपणारी एक सुई दिवसभर कागदावर रेघा ओढत बसलेली. तेव्हाचे डॉक्टर औषधाचे नव्हते, दगडांचे होते. मागच्या कुंपणभिंतीला एक भेग होती. डॉक्टरांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकला आणि मावशीच्या हातात पोलादी टेप दिली. "केर काढायच्या आधी हे अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. मी असो वा नसो."

डॉक्टर पुढे गेले देवाघरी. मोजणी चालूच राहिली. वह्या अकरा झाल्या आणि बाईचं नावच टेपमावशी पडलं.

डोंगर म्हणजे काय हेही डॉक्टरांनीच तिला शिकवलं, आणि तेही कपड्यांच्या खळीवरून. "खूप खोल खडकाचा एक थर दुसऱ्याखाली सरकतो, जाताना समुद्राचं पाणी सोबत नेतो. त्या पाण्यामुळे तिथला तापलेला खडक वितळतो, हलका होतो, वर चढतो आणि डोंगराच्या पोटात साठतो. तो पातळ असला तर त्यातला वायू सहज निघून जातो आणि लाव्हा निवांत वाहतो. पण तो दाट असला, तर? पातळ खळ नुसती उकळते. दाट खळ काय करते, मावशी?"

मावशीने मनगटावरचा, खळ उडून भाजल्याचा डाग पुढे केला.

"झालं तर मग. तुम्ही पास," डॉक्टर म्हणाले होते.

आजोबांचा लाव्हा पातळ होता. एकाच डोंगराच्या पोटातला रस दरवेळी तसाच असतो, असा काही करार झालेला नाही, पण हे आळीला कोण सांगणार? मावशी सांगायची आणि लोक हसायचे. गच्चीवरच्या परातीत पडणारी राख ती बाटल्यांत भरून ठेवायची. चोवीस वर्षांच्या बाटल्या काळ्या, रेतीसारख्या भरड. शेवटच्या दोन वर्षांच्या मात्र फिक्या, पिठासारख्या. आणि गेले चार महिने तर धूरच बंद होता. आळी खूश, कारण वाळत घातलेले कपडे स्वच्छ राहत होते. मावशी मात्र दिवसातून दहादा गच्चीवर चढून डोंगराच्या तोंडाकडे बघायची. दाट रसाने तोंड बुजवलं की धूर थांबतो, आणि आत जे कोंडतं ते कोंडतच जातं.

दोन खिळ्यांमधलं अंतर वर्षानुवर्षं दोनशे दहा मिलिमीटर होतं. यंदा ते दोनशे चौदा झालं, मग दोनशे एकोणीस.

नवे साहेब वाईट नव्हते. घाबरट होते, एवढंच. चार वर्षांपूर्वी आधीच्या साहेबांनी आळी रिकामी करायला लावली, नऊ दिवस काहीच झालं नाही, आणि त्यांची बदली कुठल्याशा कोपऱ्यातल्या फायलींच्या खोलीत झाली. या साहेबांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. डोंगराचा फुगवटा मोजणारं यंत्र आठ महिने बिघडलेलं, त्यांनी वर सात पत्रं पाठवली आणि हात झटकले. आता वरिष्ठ पाहणीला येणार म्हणून त्यांना भिंतीतली भेग खुपायला लागली.

"मावशी, किती वाईट दिसतंय ते. बुजवून घ्या."

भेग बुजवायला बोलावला कोण, तर आळीतला सगळ्यात चांगला गवंडी. म्हणजे मावशीचाच नवरा. मावशीने त्याला घरीच बजावलं, "अहो, भेग बुजवा, नाहीतर डोंगरावर चुना मारा. पण माझ्या खिळ्यांना हात लावलात तर घरात पाऊल ठेवायचं नाही."

गवंड्याने खिळे सोडून बाकी भेग बुजवली, वर झकास गिलावा केला. नवव्या दिवशी गिलावा उभा फुटला. साहेब वैतागले. गवंडी मान खाली घालून पुन्हा गेला, दुप्पट घट्ट माल केला आणि पुन्हा गिलावा चढवला. तो पाचव्या दिवशी फुटला. वरिष्ठांसमोर साहेब हसून म्हणाले, "इथल्या गवंड्यांचं काम हे असंच." ही बातमी आळीत पोचायला असा कितीसा वेळ लागणार? लोक गवंड्याला रस्त्यात अडवून विचारायला लागले, काय रे, पीठ लिंपतोस की काय?

तीस वर्षांत त्याच्या हातची एक भिंत फुटलेली नव्हती. एका दुपारी तो जेवला नाही.

"माझा हात गेला गं," तो म्हणाला.

"तुमचा हात कुठे जात नाही," मावशी म्हणाली. "डोंगर फुगतोय. दोनशे सव्वीस झालंय आज."

तो सोमवार होता. मावशी वही आणि दोन बाटल्या घेऊन साहेबांसमोर उभी राहिली. फाटकावर एक मोठा फिरता बोर्ड होता: हिरवा, पिवळा, लाल. आळी सकाळी उठून आधी तो बघायची. रोज फिरवायची मावशीच, पण साहेबांच्या सहीशिवाय नाही.

"लाल करा साहेब."

"दोन खिळ्यांवरून?"

"सव्वीस वर्षांवरून."

साहेबांनी बाटली उलटीपालटी केली. त्यांनाही कळत होतं, हे मावशीला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी ते म्हणाले, "वर विचारतो. उत्तर येऊ द्या." मावशी थांबली. मंगळवारी थांबली, बुधवारीही थांबली. नोकरीत मुरलेलं माणूस, सहीची वाट बघायची सवय हाडात गेलेली. गुरुवारी सकाळी टेप लावली तर दोनशे चौतीस. खिळा किंचित वाकला होता. मावशीने वही मिटली, फाटकावर गेली आणि बोर्ड लाल केला. वर त्याला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली.

साहेब धावत आले. "मावशी, किल्ली द्या. नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे की."

"मी पोलिसांना बोलवीन."

"बोलवा. तेवढीच आळी रिकामी करायला चार माणसं जास्त."

साहेब तिथेच उभे राहिले. त्यांनी कुलूप तोडलं नाही, सहीही केली नाही. त्यांच्या खात्यात तेवढंच धैर्य जमा होतं, आणि त्या दिवशी तेही उपयोगी पडलं.

पण आळी हलेना. लाल दिसला तर दिसला, लाव्हा दिसू दे मग बघू. तेव्हा गवंडी पुढे झाला. आयुष्यात चार माणसांपुढे न बोललेला माणूस, तो दारोदार जाऊन म्हणायला लागला, "तुझ्या घराला गिलावा कुणी केला? मी. बघ, आहे का कुठे भेग? नाही ना? मग वरची भिंत माझ्यामुळे फुटली नाही. डोंगरामुळे फुटली. ऊठ." लोकांनी आपापल्या भिंतींवरून हात फिरवले आणि गाठोडी बांधायला घेतली. वह्यांनी जे जमलं नव्हतं ते गिलाव्याने केलं. दुपारपासून आळी पलीकडच्या टेकडीवरच्या शाळेकडे चालायला लागली.

राहिला फक्त मावशीचा दीर. सुतार, आळीतला सगळ्यात हसरा माणूस. मावशी त्याच्या दारात गेली तेव्हा तो फळ्यांवर रंधा मारत होता.

"भाऊजी, उठा."

"वहिनी, कपाटाची ऑर्डर आहे. सगळं लाकूड कापून बसलोय. सोमवारी सांगितलं असतंत तर करवत लावलीच नसती." तो हसला. "लाव्हा येताना दिसला की निघतो. आजोबांनी दार नेलं, मी कपाट नेईन."

"लाव्हा यायचा नाही भाऊजी. यावेळी राख येईल, तापलेली, आणि मोटारीलाही गाठील."

"बरं, उद्या दुपारी येतो. शप्पथ."

ती रडली, भांडली, त्याचा रंधा उचलून बाहेर फेकला. त्याने तो हसत हसत परत आणला.

शुक्रवारी सकाळी दहाला डोंगराची आळीच्या बाजूची कूस फुटली. लाव्हा आलाच नाही. करडा ढग जमिनीला चिकटून खाली उतरला आणि चार-पाच मिनिटांत खालची आळी दिसेनाशी झाली. टेकडीवरून सगळ्यांनी ते पाहिलं. आजोबांची गोष्ट त्यानंतर कुणीच सांगितली नाही.

महिन्याभराने, राख निवाल्यावर, लोकांना खाली जाऊ दिलं. मावशीच्या घराची एकच भिंत उभी होती. गवंडी तिच्यापाशी गेला, तळहाताने राख पुसली, वरपासून खालपर्यंत हात फिरवला. एकही भेग नव्हती. तो तिथेच बसला आणि भावाचं नाव घेऊन ओक्साबोक्शी रडला.

मावशीच्या हातात वेधशाळेचं पत्र होतं. वरून आलेलं, कारण चौकशी व्हायलाच हवी होती. विनापरवाना बोर्ड फिरवून शिस्तभंग केल्याबद्दल लेखी दिलगिरी द्यावी, म्हणजे प्रकरण मिटवता येईल. जीव वाचले हे खरं, पण नियम तो नियम. साहेबांनी खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "मावशी, दोन ओळी लिहा, बाकी मी बघतो."

तिने कागद त्या भिंतीवर टेकवला आणि लिहायला घेतलं. गवंडी डोळे पुसत म्हणाला, "लिहितेस? माफी मागतेस त्यांची?"

"मागते," मावशी म्हणाली. "चूक झालीय माझी."

तिने लिहिलं: बोर्ड मी कुणाच्याही सहीशिवाय फिरवला. दिलगिरी एवढीच आहे की तो गुरुवारी फिरवला. सोमवारीच फिरवायला हवा होता.