माझा बटणवाला लॉकर आणि मोठेबाबांची साखळी

मंडळी, आजचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या जुन्या फोर-व्हील पिकअपला मागच्या अ‍ॅक्सलला डिफरन्शियल लॉकर बसवायचा होता. एक चाक घसरलं तरी त्याने मागची दोन्ही चाकं सोबत फिरतात. गाडी मला बाबांनीच शिकवली, म्हणून निवडही माझ्यावर सोडली. मोठेबाबांना, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाला, आपोआप लागणारा हवा होता. मी महिनाभर वाचून बटणाचा घेतला, कारण आमची गाडी जास्त डांबरावर चालते आणि तिथे वळताना दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरावी लागतात, लॉक नको. "रुतली तं गाडीच विकून टाका," मोठेबाबा म्हणाले होते.

आज एकोडी गावच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पोती भरलेली गाडी रुतलीच. एक मागचं चाक चिखलात गरगरत होतं, दुसरं टणक जागेवर गप्प. मोठेबाबा ओढायची साखळी घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, हजर.

"रेस दे ना पोरी! काहून थांबून राहिली?"

"चाक फिरताना लॉक लावला तं तुटते, मोठेबाबा."

चाकं थांबवून मी बटण दाबलं. लॉक लागल्याचा दिवा लागेना!

शेजारच्या सीटवरून बाबा हळूच म्हणाले, "जराशी पुढं घे. आतले दाते जुळले की लागते."

चिखलातलं चाक इंचभर फिरलं, दिवा लागला, आणि दोन्ही चाकं चिखल तुडवत धुऱ्यावर चढली!

डांबर येण्याआधी लॉक काढला. दिवा विझल्याचं तीनदा पाहिलं.

मोठेबाबा साखळी गुंडाळत म्हणाले, "उद्या माहे पोतेही तूच ने."

घरातल्या मोठ्यांना नाही म्हणून तुम्ही काय निवडलंत? आणि ते खरं ठरेपर्यंत झोप लागली होती का?